मरून मरून म्हातारा झालेला नट

आता जे सांगायचं आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसायचा नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. सांगलीत कुणाचा बसला नाही, मिरजेत बसला नाही, आणि ज्या इमारतीत हे घडलं त्याच, जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, हृषिकेशच्या घरी रविवारच्या चहाची वाट बघत बसलेली ही मंडळीसुद्धा आत्तापासूनच एकमेकांना डोळे मिचकावताहेत. मिचकावा. गेल्या वर्षी, दोन हजार पाचच्या मे महिन्यात, याच सोफ्यावर शशिकांतराव पडदे ओढून थरथरत बसले होते तेव्हा कुणी डोळे मिचकावत नव्हतं.

"मी मिचकावत होते, काका," नंदिनी म्हणते.

ती हृषिकेशची बायको. तिला माफ आहे, कारण चहा तिच्या हातात आहे.

तर शशिकांतराव म्हणजे हृषिकेशचे वडील. वीज मंडळातून निवृत्त झालेले. उभा जन्म सांगली जिल्ह्यातले खांब आणि तारा सांभाळण्यात गेला. वळवाच्या पावसात तार तुटून रस्त्यात फणा काढून नाचत असायची, आणि हा माणूस छत्री मिटून तिच्याकडे असा चालत जायचा जणू ती त्याची मेहुणीच आहे. भीती हा शब्द घरात इतरांनी वापरायचा. असा माणूस तीन महिन्यांच्या व्हिसावर एकटाच मुलाकडे आला. एकटा, कारण त्यांच्या बायकोचे, म्हणजे आत्ता इथे बसलेल्या यमुनावहिनींचे, गुडघे त्या वर्षी विमानाच्या पायऱ्या चढायला तयार नव्हते.

पहिले काही दिवस मजेत गेले. मग एका रविवारी सकाळी सगळे डॅन्यूबच्या काठाने फिरायला निघाले. हृषिकेश आणि नंदिनी पुढे, छोटी अन्वी तिच्या सायकलवर, आणि मागे हात बांधून शशिकांतराव. चेस्टनटची मोठमोठी झाडं, खाली गार सावली. शशिकांतराव मनात म्हणत होते की नदी आपल्या कृष्णेपेक्षा रुंद असेल, पण घाट नाही, म्हणजे काही अर्थ नाही. एवढ्यात मागून पंखांचा फडफडाट झाला आणि टकलावर काहीतरी थंडगार, टोकदार लागलं. क्षणभरच. वर बघतात तो कावळा. फांदीवर जाऊन बसला आणि मान वाकडी करून त्यांच्याकडे बघू लागला.

कावळा शिवला. डोक्याला.

शशिकांतरावांनी टकलावर हात दाबून धरला. हृषिकेश धावत आला. "बाबा, काही नाही हो! मे महिना आहे ना, घरट्यात पिल्लं असतात. दर वर्षी होतं इथे. आल्झो, म्हणजे तो बघा बोर्ड."

खरंच झाडाला बोर्ड होता. कावळ्याचं चित्र, खाली माणसाचं डोकं. या लोकांनी अपशकुनालासुद्धा बोर्ड लावला होता. एक म्हातारी जर्मन बाई मिटलेली छत्री डोक्यावर धरून निवांत चालत गेली, वर "मॉर्गन", म्हणजे सुप्रभात, म्हणाली.

"ओपा, टुट एस वे?" अन्वीने विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, फक्त उत्तर जर्मनमध्ये येतं.

"काय म्हणते ही?"

"आजोबा, दुखतंय का, विचारतेय," नंदिनी म्हणाली.

"दुखत नाहीये," शशिकांतराव म्हणाले. "दुखलं असतं तर बरं झालं असतं."

आता हृषिकेशच्या पिढीला यातलं गांभीर्य कळायचं नाही, म्हणून खुलासा. कावळा डोक्याला शिवणं म्हणजे वरून आलेलं बोलावणं. त्याला आपल्याकडे एकच उतारा. आपण मेल्याची खोटी बातमी जवळच्या नातलगांना धाडायची. त्यांनी खरोखर रडायचं. वरच्यांना वाटतं, झालं काम, माणूस रडून झाला, आणि ते दुसऱ्या घराकडे वळतात. मग लगेच खरं सांगून टाकायचं. शशिकांतरावांच्या चुलत आजोबांना कावळा शिवला तेव्हा त्यांच्या बहिणी छाती पिटत आल्या, तर आजोबा ओट्यावर विडा चघळत बसलेले. बहिणींनी धरून बडवलं त्यांना. पण जगले किती? पडलेले दात पुन्हा उगवले इतके.

"दात?" यमुनावहिनी विचारतात.

दाढासुद्धा. आणि उलट दत्ता मास्तरांचं बघा. विज्ञान शिकवायचे. घाटावर त्यांना कावळा शिवला. बायको म्हणाली, माहेरी बातमी धाडते. मास्तर हसले, म्हणाले, मी अडाणी आहे काय. पंधरवडा गेला नाही, घड्याळाला किल्ली देता देता बसले ते बसलेच. लहानपणी शशिकांतरावांनी त्यांना खिडकीतून पाहिलं होतं. मास्तर खुर्चीत होते, हातात किल्ली होती आणि घड्याळ चालू होतं.

तेच घड्याळ आता रेगेन्सबर्गमध्ये शशिकांतरावांच्या छातीत टिकटिकायला लागलं.

त्यांनी मुलाकडे विषय काढून पाहिला. "हृषी, तुझ्या आईला जरा कळवावं म्हणतो."

"कावळ्याचं? कळवा की, हसेल ती."

"कावळ्याचं नाही. मी गेल्याचं."

हृषिकेशच्या हातातला चमचा खाली पडला. "बाबा! तिला बीपी आहे. असला काही विचार मनातसुद्धा आणू नका. आणि फोनला हात लावायचा नाही."

झालं. उताऱ्याची वाट बंद. शशिकांतराव आत जाऊन पडले आणि विचार करू लागले, आणि घाबरलेल्या माणसाने सगळ्यात आधी जे करू नये ते हेच. इथे मेलो तर? या देशात प्रत्येक गोष्टीला टर्मिन लागतो, म्हणजे आधी वेळ ठरवावी लागते. केस कापायला टर्मिन, दात काढायला टर्मिन. जाळायलाही टर्मिन असेल. तोवर कुठल्या फडताळात ठेवतील? आणि दहाव्याला काय? इथला कावळा भाताच्या पिंडाला शिवेल? ब्रेडचे तुकडे खाऊन वाढलेला पक्षी तो, भाताकडे बघणारसुद्धा नाही. जिवंत असताना टकलावर बसला, मेल्यावर पिंडाकडे पाठ फिरवील. म्हणजे दोन्हीकडून गेलो.

दुसऱ्या दिवशी कावळा बाल्कनीच्या कठड्यावर आला.

"तो तोच कशावरून?" हृषिकेश विचारतो.

कशावरून म्हणजे? बघण्यावरून. इतर कावळे खायला काय आहे ते बघतात. हा शशिकांतरावांकडे बघायचा. ते स्वयंपाकघरात गेले की स्वयंपाकघराच्या खिडकीवर, न्हाणीघरात गेले की तिथल्या झरोक्यावर. शेवटी त्यांनी पडदे ओढले. कपडे वाळत घालायला बाल्कनीत जायचं तर अन्वीचं गुलाबी हेल्मेट टकलावर बसवून, हनुवटीखाली पट्टा आवळून जायचे. समोरच्या इमारतीतल्या बाईने अदबीने हात केला होता. तिला वाटलं, भारतात अशीच पद्धत असेल.

सगळे कामाला आणि अन्वी बालवाडीत गेली की घर इतकं शांत व्हायचं की स्वतःचा श्वास ऐकू येई. सोबतीला म्हणून ते टीव्ही लावून बसत. दुपारी जुन्या अमेरिकन मालिका चालायच्या, जर्मन आवाज भरलेल्या. शब्द कळत नव्हता. एकदा बघतात तर एका लांबुडक्या, घोड्यासारख्या तोंडाच्या माणसाला कुणीतरी कॉफीतून विष देत होतं. तो मेला. ती मालिका संपली, दुसरी लागली, त्यात काउबॉय होते. त्यांनी एकाला फासावर चढवलं. तोंड बघितलं तर तोच. शशिकांतराव पुढे सरकून बसले. तिसरी लागली, मोटारींची. गच्चीवरून एकाला ढकललं. खाली पडला, कॅमेरा जवळ गेला. तोच! तीच लांब हनुवटी, भुवईत तीच चीर.

त्यांच्या पाठीतून गार मुंगळा गेला. एकच माणूस, एका दुपारी, पुन्हा पुन्हा मरतो आणि मरताना बरोब्बर या सोफ्याकडे बघतो. हे मालिका म्हणून दाखवत नाहीयेत, त्यांना वाटलं. हे मला दाखवताहेत.

त्यांनी टीव्ही बंद केला. हाताला काहीतरी काम हवं म्हणून कचऱ्याची पिशवी उचलली, हेल्मेट घातलं आणि जिना उतरून मागच्या अंगणात गेले. नंदिनीने पाठ करून घेतलं होतं की प्लास्टिक पिवळ्या डब्यात, कागद निळ्यात, ओलं तपकिरीत. त्यांनी तपकिरी डब्याचं झाकण उचललं. त्याच वेळी शेजारच्या डब्याचं झाकण खाली आलं, आणि त्याच्यामागे तोंड होतं. लांबुडकं. भुवईत चीर. आता पांढरे केस आलेले, पण तोच. नुकताच गच्चीवरून पडलेला.

"अगं आई गं!" शशिकांतराव ओरडले, आणि पिशवी हातातून सुटून चहाचा चोथा दोघांच्या बुटांवर पसरला.

मेलेल्या माणसाने चोथ्याकडे पाहिलं, हेल्मेटकडे पाहिलं, आणि इंग्रजीत म्हणाला, "माझा कुठला सीन पाहिलात? गच्चीवरचा की फासाचा?"

शशिकांतरावांचं इंग्रजी मंडळातल्या पत्रव्यवहाराचं. ते म्हणाले, "सर, मी आपला नम्रपणे विचारू इच्छितो, आपण हयात आहात काय?"

"बरीच वर्षं," तो म्हणाला. "चला, कॉफी घ्या. विष नाही घालत."

तळमजल्यावर राहणारा हेर पीक, हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत, तो हाच. हॉलिस पीक. जन्म नेब्रास्कातला. बापाची डुकरं होती. पोराचं तोंड इतकं लांब की शाळेच्या फोटोत त्याला शेवटच्या रांगेत उभं केलं तरी पहिल्या रांगेत आल्यासारखं दिसायचं. विशीत लॉस एंजेलिसला गेला, हिरो व्हायला. तिथल्या पहिल्याच डायरेक्टरने त्याला खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिलं आणि म्हणाला, या तोंडाचा माणूस सुरुवातीलाच मेला तर कुणाला वाईट वाटणार नाही, उद्यापासून ये. मग सुरू झालं. दर आठवड्याला नवी मालिका, नवा हिरो, आणि मरायला हॉलिस. दुसरा चोर हॉलिस. बारमधला माणूस हॉलिस. पहारेकरी, साक्षीदार, जावई, हॉलिस. नाव असलेली भूमिका त्याला क्वचितच मिळायची, कारण नाव सांगण्याइतका वेळ तो जगायचाच नाही.

स्टुडिओत एकच गल्ली बांधलेली होती. तीच शिकागो, तीच पॅरिस, तीच हाँगकाँग. फक्त पाट्या बदलायच्या. त्या गल्लीत तो इतक्या वेळा पडला की एका फरशीला त्याच्या कमरेच्या मापाचा खळगा पडला. नवे नट त्याला विचारायचे, दादा, पडायचं कुठे? तो बोट दाखवायचा. मिशी लावून मेला, दाढी लावून मेला, एकदा स्वतःच्याच जुळ्या भावाच्या हातून मेला. एका सोमवारी तर एका चॅनेलवर डॉक्टर त्याला मारत होते आणि त्याच वेळी दुसऱ्यावर रेड्याने शिंगावर घेतला होता. नेब्रास्कात त्याची आई टीव्हीचं बटण इकडून तिकडे फिरवत दोन्ही मरणं सांभाळत होती.

"रेडा?" यमुनावहिनी म्हणतात. "भाऊजी, अमेरिकेत रेडा?"

तिकडचा रेडा, वहिनी. केसाळ असतो.

ट्रूडं म्हणून एक जर्मन बाई तिथल्या कपडेपटात होती, इथली, रेगेन्सबर्गची. त्याच्या शर्टावरचं खोटं रक्त धुता धुता तिने एकदा वैतागून विचारलं की तुम्ही जरा कमी मरू शकत नाही का? त्यातून लग्न झालं. म्हातारपणी ती त्याला माहेरच्या गावी घेऊन आली, आणि काही वर्षांनी स्वतः निघून गेली. खोटी मेली नाही, खरीच. हॉलिस मागे राहिला. गावात सगळे चेहऱ्याने ओळखायचे, पण बेकरीत तोंड उघडलं की बाई नाराज. कारण इथे त्याला आवाज दुसऱ्याच माणसाचा. जर्मनीत ज्या गड्याने त्याच्यासाठी बोलायचं तो भारदस्त आवाजाचा, आणि हॉलिसचा आवाज बिजागरीसारखा. बाईला वाटायचं हा खरा माणूस नव्हे, नक्कल आहे.

शशिकांतराव हे सगळं ऐकत होते, पण त्यांचं मन एका जागी अडकलं होतं. "आपल्या मातोश्री," ते म्हणाले, "आपण मेलेले पाहून रडायच्या काय?"

"दर वेळी. आदल्या दिवशी मी फोनवर सांगायचो, आई, उद्या मला विष देणारेत. तरी रडायची. आणि मालिका संपली की फोन करायची, जेवलास का विचारायला."

"खरे अश्रू?"

"माझ्या आईला खोटं काही येतच नव्हतं."

शशिकांतराव खुर्चीतून उठले. "सर! म्हणूनच! म्हणूनच आपण जिवंत आहात!" आणि त्यांनी कावळ्याची, आजोबांच्या दातांची, दत्ता मास्तरांच्या किल्लीची सगळी हकीगत सांगितली. हृषिकेश हसला होता. नंदिनी हसली होती. हा अमेरिकन हसला नाही. त्याने कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच त्याचं ते लांब तोंड पांढरं पडलं.

"मग ट्रूडं रडायची तेही धरायचं," तो हळू म्हणाला. "पण ट्रूडं गेल्यापासून मी एकदाही मेलेलो नाही."

खिडकीच्या काचेवर टकटक झाली. कठड्यावर कावळा होता. आता तो दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

शशिकांतरावांनी खुर्ची खिडकीपासून दूर ओढली. "माझा धाकटा भाऊ सांगलीत आहे. तो बातमी नेईल. आमची मंडळी रडली की सुटलो."

"नुसत्या बातमीने?" हॉलिसने मान हलवली. "बातमीवर कुणी रडत नाही, मिस्टर शशी. बातमी ऐकून माणूस विचारतो, कधी? कुठे? कुणाला कळवलं? उभं राहून फोन करतो, पैसे गोळा करतो. रडणं नंतर येतं, आणि तुमच्याकडे नंतर नाहीये. हे बघा."

त्याने कॉफीत साखर घातली आणि ढवळू लागला. ढवळता ढवळता त्याचं लक्ष कशाने तरी वेधलं, जसं दारात कुणी आलंय. हसू आलं. मग ते हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे रिकामे झाले. हात ढवळतच होता. एक फेरा, आणखी एक, मंद, आणखी मंद. चमचा कपाच्या काठाला लागून थांबला. डोकं टेबलावर आलं.

शशिकांतराव टाळी वाजवणार होते. पण तो उठला नाही.

"मिस्टर पीक?"

काही नाही. पाठ हलत नव्हती. त्यांनी मनगट धरलं. आयुष्यभर तारेत वीज आहे की नाही हे ओळखलेल्या बोटांना नाडी सापडेना. बाहेर कावळा कठड्यावर इकडून तिकडे चालू लागला. शशिकांतरावांच्या डोक्यात एकदम सगळं आलं. परका देश, परकं घर, मेलेला अमेरिकन, टेबलावर दोन कप, एकावर आपली बोटं. पोलीस येणार. हृषीची नोकरी जाणार. आपण काय सांगणार, कावळा माझ्यासाठी आला होता, पण दार चुकला? त्यांनी त्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, त्या थांबलेल्या चमच्याकडे पाहिलं, आणि काय झालं कोण जाणे, वीज मंडळातला तो राकट माणूस ओक्साबोक्शी रडू लागला.

टेबलावरचा एक डोळा उघडला. "चमचा," हॉलिस म्हणाला. "मी मेलो म्हणून नाही रडलात. चमचा थांबला म्हणून रडलात."

"हरामखोर!" शशिकांतराव मराठीत म्हणाले, आणि त्यांनी त्याला मिठी मारली.

मग कामाला सुरुवात झाली. हॉलिसने विचारलं, तुम्ही सकाळी उठून सगळ्यात आधी काय करता? शशिकांतराव म्हणाले, चष्मा शोधतो. कुठे असतो? बहुतेक कपाळावर. मग काय करता? त्यांनी सवयीने कपाळ चाचपलं. मग म्हणाले, "हाक मारतो. यमुना, चष्मा कुठे ठेवलास? इथे रोज मारतो. मग आठवतं की ती सांगलीत आहे."

हॉलिसने बोट वर केलं. "हेच. तुम्ही चष्मा शोधत होतात. तिला हाक मारलीत. ती इथे नाही हे विसरून. आणि चष्मा कपाळावरच राहिला. बस. यापुढे एक शब्द जास्त सांगायचा नाही."

त्याने गालिच्यावर पडायची तालीमही घेतली, जरी फोनवर ती कुणाला दिसणार नव्हती. म्हणाला, माणूस न पडता मेला की ते आवाजावरून ओळखू येतं. शशिकांतराव कुशीवर पडले. "यमुना," त्यांनी हाक मारली, आणि स्वतःच्या आवाजाने त्यांच्याच अंगावर काटा आला. तो अभिनय नव्हता. खालून, गालिच्यावरून, छत फार उंच दिसत होतं आणि हॉलिसचं तोंड त्याहून लांब. त्यांना वाटलं, हे असंच दिसत असणार.

प्रीपेड कार्डावर त्यांनी सांगलीला फोन लावला. धाकटा भाऊ श्यामकांत. आता श्यामकांत म्हणजे, हसू नका, पंचक्रोशीत असा धीराचा माणूस दुसरा नाही. सत्यवचनी. काळीज दगडाचं. बापाच्या तिरडीला खांदा देतानाही ज्याची पापणी लवली नाही असा.

सगळे हसताहेत. हसून घ्या.

श्यामकांतने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा, हाक, कपाळ. म्हणाला, "दादा, काळजी करू नको. आत्ताच जातो. वहिनींना रडवतो, बीपीची गोळी हातात घेऊनच जातो, आणि रडल्या की लगेच खरं सांगून तुला फोन करतो."

फोन ठेवला, आणि ती वाट बघणं सुरू झालं. सांगलीत श्यामकांतच्या घरापासून दादाचं घर म्हणजे मारुतीच्या देवळाला वळसा घातला की आलंच. पण रेगेन्सबर्गमध्ये त्या स्वयंपाकघरात वेळ हलेना. शशिकांतरावांना एकाएकी नवीनच भीती वाटली. समजा ती रडलीच नाही तर? एवढी वर्षं संसार केला. रागावली पुष्कळदा, रुसली, पण आपल्यासाठी रडताना तिला कधी पाहिलं नव्हतं. बदलीवर जाताना नाही, विमानतळावरही नाही. विमानतळावर काय म्हणाली? लोणच्याची बाटली सरळ धरा. समजा आत्ताही ती एवढंच म्हणाली, बरं झालं, सुटले. मग? मग इथे या खुर्चीत काय होणार?

कावळ्याने काचेवर चोच मारली. एकदा. दोनदा. डावा हात जड वाटायला लागला. गालिच्यावर त्याच कुशीवर पडले होते, हे त्या वेळी आठवेल तर शपथ. घाम फुटला. हॉलिसने त्यांचा दुसरा हात घट्ट धरला. "मिस्टर शशी," तो बिजागरीच्या आवाजात म्हणाला, "आता खरं मरू नका. मला खरं मरणं बघवत नाही. मी नेहमी आधीच खाली पडलेला असायचो."

आणि फोन वाजला.

"दादा!" श्यामकांतचा आवाज. "रडल्या! अरे, काय सांगू, गल्ली गोळा झाली!"

शशिकांतरावांचा श्वास आत गेला तो बाहेर यायला वेळ लागला. काचेवरचा कावळा त्याच क्षणी कठड्यावरून दगडासारखा खाली कोसळला, जमिनीला लागणार तोच पंख उघडले आणि डॅन्यूब ओलांडून जो गेला तो पुन्हा या काठाला आला नाही. नगरपालिकेने दुसऱ्याच दिवशी येऊन बोर्ड काढून नेला. डावा हात हलका झाला. हॉलिसने घाईघाईने विचारलं की त्या रडण्यात थोडं मलाही धरता येईल का, आणि शशिकांतराव म्हणाले, घ्या, अर्धं तुमचं.

आणि तिकडे सांगलीत काय झालं होतं? श्यामकांत दारात उभा राहिला, ताठ, कोरड्या डोळ्यांनी. धीरगंभीर आवाजात त्याने बातमी सांगितली. हाक, चष्मा, कपाळ, सगळं जसंच्या तसं. आणि यमुनावहिनींनी जो हंबरडा फोडला म्हणता, की समोरच्या गिरणीचा पट्टा तुटला, शेजारच्या विभावरीबाई हातातली लाटण्यासकट पोळी घेऊन धावत आल्या, आणि श्यामकांत आपला दगडासारखा उभा राहून दोघींची समजूत काढतोय...

"खोटं!" यमुनावहिनींनी बशी टेबलावर आपटली. "साफ खोटं, भाऊजी! मी कधी रडले? तुम्ही दारात आलात, 'वहिनी, दादा' एवढंच म्हणालात, आणि उंबऱ्यातच बसून लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागलात. चष्मा नाही न् कपाळ नाही, पुढचा शब्दच फुटेना. मला वाटलं तुमच्या पोटात कळ आली, मी आत ओवा शोधत होते! रडलात तुम्ही. मी नाही. आता तुमचे दादा खाली हॉलिसकडे पत्त्यांत हरून वर यायच्या आत कबूल करून टाका!"